आधीच केलेली खूण

वेस्टरफेन, ४ मार्च

प्रिय विबके,

किबित्झच्या नव्या आवृत्तीतली वाक्यं परवा आली. दोनशे बारा आहेत. तू तिथे नोकरीला लागायच्या कितीतरी आधीपासून, म्हणजे एकवीस वर्षं, मी तुमच्या या ब्राउझरची वाक्यं आपल्या इकडच्या प्लाट बोलीत आणतोय. पण एका वाक्यापाशी दोन दिवस बसून राहायची वेळ पहिल्यांदाच आली. ते असं आहे: ‘गोपनीयतेचा आदर राखणाऱ्या जाहिरात-मापनाला साथ देऊन खुल्या इंटरनेटच्या भविष्यात सहभागी व्हा.’

तुला माहीत आहे, अडलं की मी हिन्नेर्कला वाचून दाखवतो. त्याला कळलं तर बांधावर चरणाऱ्या त्याच्या मेंढ्यांनाही कळेल, असा माझा हिशेब. तो चहाला आला होता. मी वाक्य जमेल तसं प्लाटमध्ये म्हटलं. त्याने दुसरा कप संपवला आणि विचारलं, “म्हणजे ते बघतात की नाही बघत?”

मी म्हटलं, “मोजतात.”

“काय मोजतात?”

“जाहिराती.”

“जाहिराती त्यांच्याच ना? मग त्या मोजायला माझ्या घरात कशाला यायला हवं?”

 फोरमवरच्या अनुवादकांच्या पानावर मी काल सरळ विचारून टाकलं: ‘या वाक्याचा अर्थ काय? हे प्रामाणिकपणे कसं म्हणावं ते मला सापडत नाही.’ तिथे कुणी उत्तर देईल तेव्हा देईल. तू घरचीच आहेस, म्हणून तुला वेगळं विचारतो.

बाकी ठीक. मंगळवारचा आमचा म्हाताऱ्यांचा संगणकवर्ग अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये अजून भरतो. आता एकतीस घरांत किबित्झ आहे, आणि प्रत्येक घरात मी तो स्वतः जाऊन बसवलाय. मी काही भाषण करत नाही. ‘हा कुणाला काही सांगत नाही, आणि माझी भाची तिथेच कामाला आहे,’ एवढंच म्हणतो. तेवढं पुरतं.

तुझा,
ओन्नोमामा


बर्लिन, १३ मार्च

ओन्नोमामा,

तू कागदावर लिहितोस ते या आठवड्यात बरंच वाटलं. मेल उघडायचा कंटाळा आलाय, म्हणून मीही कागदच घेतला.

ते वाक्य फार मनावर घेऊ नकोस. पाच जणांनी मिळून लिहिलेलं आहे आणि प्रत्येकाने त्यातला आपला शब्द सोडायला नकार दिला. अर्थ साधा आहे. तू जहाजावर होतास, तर असं समज, की बोट लागली की धक्क्यावर एक माणूस उभा राहून किती जण उतरले ते मोजतो. कोण उतरलं हे तो लिहीत नाही. तसंच एखादी जाहिरात किती जणांनी पाहिली आणि त्यातल्या किती जणांनी वस्तू घेतली, एवढंच मोजलं जातं. हजारो लोकांचे आकडे एकत्र कालवून मगच जाहिरातदाराला मिळतात. त्यातून एका माणसाला वेगळं काढणं गणिताने अशक्य आहे. ते गणित चांगलं आहे, मामा. मी ते ओळखते.

आणि हे का करायचं, तर आमचा गाडा आजवर एकाच मोठ्या कंपनीच्या पैशावर चालत आलाय आणि ती दरवर्षी हात आखडता घेते. आम्ही एकोणीस जण आहोत. इंटरनेट जाहिरातींवर चालतं, हे आम्हाला आवडो न आवडो. निदान लोकांचा माग न काढता चालावं, म्हणून हा खटाटोप.

प्लाटमध्ये जे बसेल ते बसव. आणि थोडे दिवस फोरम वाचू नकोस. तिथे नेहमीसारखा आरडाओरडा चालू आहे, उगाच तुझं डोकं उठेल.

विबके


वेस्टरफेन, २२ मार्च

प्रिय विबके,

धक्क्यावरचा माणूस मला दिसायचा. मी त्याला हात करायचो, तो टोपीला बोट लावायचा. तुमचा माणूस दिसत नाही, एवढाच फरक आहे. पण आज मी त्यावर वाद घालायला बसलेलो नाही. एक गोष्ट घडली आहे ती सांगतो.

थेडा आइल्ट्स तुला आठवेल. कालव्याच्या कडेचं विटांचं घर, पूर्वी टपालखात्यात होती. फेब्रुवारीत तिला छातीत गाठ लागली. तिने कुणालाच सांगितलं नाही. मुलगा बोटीवर असतो, सून फ्राउके नव्याने आई झालेली, त्यांना कशाला घोर, म्हणून. फक्त मला सांगितलं, कारण ओल्डेनबुर्गचं रुग्णालय तिला संगणकावर शोधता येईना. आम्ही दोघांनी मिळून शोधलं. काय विचारायचं, किती दिवस राहावं लागतं, केस जातात का, सगळं. किबित्झवरच.

गेल्या आठवड्यात फ्राउके तिच्याकडे आली आणि बाळासाठी कसलासा पाळणा शोधायला तिच्याच संगणकावर बसली. पाळण्याच्या बाजूला टोपांची जाहिरात. उपचारात केस गेलेल्या बायकांसाठीचे टोप. दुसरं पान उघडलं, तिथेही तेच. फ्राउके भोळी आहे, पण मूर्ख नाही. तिने सासूकडे पाहिलं आणि थेडा रडायला लागली. ती कोणत्या शब्दांत सांगायचं हे महिनाभर ठरवत होती. तिच्या आधी पाळण्याच्या दुकानाने सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात आली. चहा ठेवतो म्हटलं तर आत यायला तयार नाही.

“ओन्नो, तू कुणाला बोललास?”

“कुणालाही नाही.”

“मग त्याने?” तिने माझ्या खांद्यावरून आत, टेबलावरच्या संगणकाकडे बोट दाखवलं. “तूच म्हणाला होतास, हा कुणाला काही सांगत नाही.”

विबके, दोन महिन्यांपूर्वी मी तिला छातीवर हात ठेवून ‘नाही’ म्हणालो असतो. या वेळी मी म्हणालो, “विचारून सांगतो.” ती मान हलवून निघून गेली. ‘विचारून सांगतो’ हे टपालखात्यात तिने स्वतः हजारदा म्हटलेलं आहे; त्याचा अर्थ तिला नीट कळतो.

नंतर मी तुमची सेटिंग उघडून पाहिली. ज्याच्यावर मी अडलो होतो, तेच वाक्य तिथे आहे, आणि त्याच्या पुढच्या चौकोनात बरोबरची खूण आहे. माझ्या संगणकावर मी ती केलेली नाही. थेडाने केलेली नाही. एकतीस घरांतल्या एकानेही केली नसणार, कारण त्यांतल्या निम्म्यांना सेटिंग कुठे असते हे माहीत नाही.

मला दोन उत्तरं हवी आहेत. थेडाचं गुपित किबित्झने फोडलं का? आणि ती खूण कुणी केली?

गणित नको. हो किंवा नाही, आणि नाव.

ओन्नो


बर्लिन, ३० मार्च

मामा,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते मला नक्की माहीत आहे. खूण मी केली.

जानेवारीत बैठक झाली. मोजमापाचा सगळा कोड माझा, म्हणून शेवटी सगळे माझ्याकडे बघत होते. आमची प्रमुख रेगिने पाउलिक म्हणाली, “लोकांना विचारायचं, की चालू करूनच द्यायचं?” मी म्हटलं, विचारलं तर विसांत एक जण हो म्हणेल, आणि विसांत एकावर मोजमाप होत नाही. शिवाय ज्यांना प्रश्नच कळणार नाही त्यांना विचारून उपयोग काय. हे माझेच शब्द आहेत, इतिवृत्तात आहेत. कुणी जोर करून विरोध केला नाही. एका ओळीचा बदल होता, तो मी तिथल्या तिथे बसून केला. ‘नाही’ होतं त्याचं ‘हो’ केलं.

तुला मागच्या पत्रात हे लिहिता आलं असतं. मी बोटीची गोष्ट सांगितली.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, की आमच्या मोजमापातून थेडाबाईंची गोष्ट बाहेर गेली नाही असं मी मानते. ते तसं काम करतच नाही. तुम्ही जी पानं उघडलीत, त्यांतल्या एखाद्याने बसवलेल्या पहारेकऱ्याने, म्हणजे कोण काय वाचतं याची नोंद ठेवणाऱ्या ट्रॅकरने, ती नेली असावी. पण ‘नक्की?’ असं विचारशील तर नाही. मी तो संगणक पाहिलेला नाही. आणि एक गोष्ट तू विचारली नाहीस तरी सांगते. असे पहारेकरी अडवायचं काम दोन वर्षांपासून आमच्या यादीत सर्वात वर होतं. ते माझ्याकडे होतं. ते बाजूला ठेवून मी हे मोजमाप लिहिलं. तेव्हा किबित्झने सांगितलं नसेल, पण सांगणाऱ्याला त्याने अडवलंही नाही.

इथे काय चाललंय ते तू ऐकलं असशीलच, म्हणून माझ्याकडूनही ऐक. संस्थेच्या वतीने खुलासा मी लिहिला होता, माझ्या नावाने. ‘विश्वास’ हा शब्द त्यात सात वेळा आहे, हे मला फोरमवाल्यांनी मोजून दाखवलं. त्यानंतर तिथे माझा फोटो आला, आणि मग घरचा पत्ता. कुणीतरी तो खुलासा छापून माझ्या दारावर चिकटवला, सातही ठिकाणी लाल रेघ मारून. एवढंच. कुणी हात लावला नाही. पण जिन्यात पावलं वाजली की मी टीव्ही बंद करायचे, म्हणून सध्या मैत्रिणीकडे राहते आहे.

शिव्यांचं इतकं काही नाही. ‘जाहिरातवाल्यांची मोलकरीण’ वगैरे दोन दिवस टोचतं. जे लोक एकही वाईट शब्द न वापरता लिहितात, त्यांचं वाचवत नाही. एकाने लिहिलंय, ‘मी पंधरा वर्षं माझ्या वर्गातल्या मुलांना हाच वापरा म्हणून सांगत आलो. आता त्यांना काय सांगू?’ त्याला उत्तर द्यायला मी चार वेळा बसले.

तू त्याच जागी उभा आहेस हे मला थेडाबाईंची गोष्ट वाचल्यावर कळलं. आधी कळायला हवं होतं.

विबके


वेस्टरफेन, ९ एप्रिल

प्रिय विबके,

आधी हे. माडीवरची खोली रिकामी आहे, खिडकीतून बांध दिसतो, आणि या गावात परका माणूस जिन्यापर्यंत पोचायच्या आत चार घरांतले पडदे हलतात. केव्हाही ये.

आता बाकीचं. तू मला फोरम वाचू नको म्हणालीस. मी तो पहिल्या दिवसापासून वाचतो आहे. माझ्याच प्रश्नाचा फोटो काढून कुणीतरी तो जगभर फिरवला आणि तिथून हे सगळं पेटलं, हे मला सहा मार्चलाच कळलं होतं. नाव झाकलेलं होतं, पण प्लाटचा दुसरा अनुवादक आहे कोण? तू दोन पत्रांत हे लिहिलं नाहीस, मला लागेल म्हणून. मी मागच्या पत्रात लिहिलं नाही, मीच पहिला दगड मारला असं तुला वाटेल म्हणून. आपण एकाच घरातले आहोत हे यावरून दिसतं.

मी तिथे एक उत्तरही टाकलं होतं, की बाईला घालूनपाडून बोलू नका, मुद्द्याचं बोला. त्यावर मला संस्थेचा भाडोत्री म्हणाले. एकवीस वर्षं फुकट काम करणारा भाडोत्री. हिन्नेर्क हे ऐकून इतका हसला, की चहा सांडला. मग गंभीर होऊन म्हणाला, “पण ओन्नो, नाव ठेवतानाच तुमचं चुकलं. किबित्झ म्हणजे टिटवी, खरंय. पण पत्त्यांच्या टेबलामागे उभा राहून दुसऱ्याच्या हातात डोकावतो, त्यालाही आपण किबित्झच म्हणतो.” मी एकवीस वर्षं ते नाव उच्चारतोय आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मंगळवारी मी हॉलमध्ये सगळं सांगितलं. माझी भाची, तिने केलेली खूण, माझं अडलेलं वाक्य. थेडाचं नाव अर्थात घेतलं नाही. ती आलीही नव्हती.  जाताना एकाने विचारलं, “मग आता काढून टाकायचा का?” मी म्हटलं, घरी येतो, मग ठरवू.

बुधवारपासून सायकल काढली. सहा दिवस लागले. आपल्याकडचा वारा तुला माहीत आहे, जातानाही समोरून आणि येतानाही समोरून. प्रत्येक घरी मी आधी ती खूण काढली. मग विचारलं. ते तुमचं वाक्य वापरलं नाही. मी म्हटलं, “जाहिराती किती जणांनी पाहिल्या हे या लोकांना मोजायचंय. तुमचं नाव त्यात जाणार नाही असं ते म्हणतात, आणि माझा त्यांच्या गणितावर विश्वास आहे. त्यातून किबित्झ करणाऱ्यांचे पगार निघतील. द्यायचं का मोजू? नाही म्हणालात तरी सगळं पूर्वीसारखंच चालेल.”

तू बैठकीत सांगितलं होतंस, विसांत एक. एकतीसपैकी चौदा जण हो म्हणाले, विबके. अकरा नाही म्हणाले. सहा जण म्हणाले, विचार करून सांगतो, तोवर चहा घे. मी घेतला. त्या आठवड्यात मी जेवढा चहा प्यालो तेवढा जहाजावर वर्षभरात प्यालो नसेन.

मी त्यांना समजावलं नाही, पटवलं नाही. फक्त विचारलं. शाळेत आठवीपर्यंत गेलेली म्हातारी माणसं आहेत. प्रश्न सगळ्यांना कळला. हिन्नेर्क म्हणाला, “मेंढ्या मीही मोजतो. मोजू दे. पण मोजायला आलास तर आधी दार वाजव.”

थेडा नाही म्हणाली. दार उघडलं, पण साखळी लावूनच; तिच्या संगणकावरची खूण तिलाच काढायला सांगावी लागली. मी तुझं उत्तर जसंच्या तसं सांगितलं, की बहुधा नाही, पण खात्री नाही. ती म्हणाली, “तुला हे सांगायला जवळजवळ तीन आठवडे लागले.” मी म्हटलं, “हो.” तिने हळूच दार लावलं. तिचं ऑपरेशन बावीस तारखेला आहे, हे मला दुसऱ्यांकडून कळलं.

तू हे पत्र वाचून रडत बसू नकोस. तू चुकलीस, पण मी विचारल्यावर तू नाव सांगितलंस. त्या पाच जणांच्या वाक्यात एकाचंही नाव नव्हतं.

तुझा,
ओन्नोमामा


बर्लिन, २४ एप्रिल

ओन्नोमामा,

एक कबुली. तुझं पत्र मी बैठकीत वाचून दाखवलं, आणि तुला विचारलं नाही. वाचून झाल्यावर खाली बसताना लक्षात आलं. थेडाबाईंचा सगळा भाग गाळला होता, एवढं तरी सुचलं.

चौदाचा आकडा मी वाचला. मग रेगिने म्हणाली, “ते ओन्नोला हो म्हणाले. आपल्याला नाही.”

माझ्या शेजारी बसणारा आयके एरवी बैठकीत तोंड उघडत नाही. तो म्हणाला, “मग आपण ओन्नोसारखं बोलायला शिकू या. ते कोड लिहिण्यापेक्षा अवघड आहे का?”

तीन तास वाद झाला. शेवटी ठरलं ते असं. खूण सगळ्यांच्या संगणकावरून काढायची. एकदाच, साध्या भाषेत, विचारायचं. नाही म्हणणाऱ्याला पुन्हा छळायचं नाही. पहारेकरी अडवायचं काम पुन्हा यादीत सर्वात वर. रेगिनेने स्वतः मतदान घेतलं आणि विरोधात तिचं एकटीचं मत पडलं. ती वाईट नाही, मामा. पुढे काय होणार हे तिला आमच्यापेक्षा आधी दिसत होतं.

ते आठ दिवसांत झालं. ज्या जाहिरातदारांबरोबर मोजमापाचा करार होता ते बाहेर पडले, आणि त्यांचे पैसेही गेले. एवढ्या थोड्या लोकांचं मोजमाप त्यांना नको होतं. एकोणिसांतले सात जण जाणार. यादी करायची वेळ आली तेव्हा मी पहिलं नाव माझं लिहिलं. रेगिने म्हणाली, “तू गेलीस तर फोरमवाले म्हणतील, आम्ही तुझा बळी दिला.” मी म्हटलं, “म्हणू देत. मी केलेल्या खुणेपायी आयकेची नोकरी जावी आणि मी त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसून राहावं, हे मला जमणार नाही.” तिने यादी माझ्या हातातून घेतली, नाव खोडायला पेन उचललं, आणि नाही खोडलं.

जायच्या आधी मी फोरमवर चार ओळी लिहिल्या. ‘आम्ही’ न लिहिता ‘मी’ लिहिलं. ‘ही खूण मी केली होती. विचारलं तर लोक नाही म्हणतील अशी भीती होती, म्हणून विचारलं नाही.’ विश्वास हा शब्द वापरला नाही. खाली नेहमीप्रमाणे शेकडो उत्तरं आली. फार उशीर झाला, नाटक आहे, वगैरे. माझ्यावर सर्वांत जास्त तुटून पडलेला एक जण आहे, टोपणनावाने लिहितो. त्याने लिहिलं, ‘हेच सहा आठवड्यांपूर्वी लिहिलं असतंत तर मी तुमच्याबद्दल लिहिलेल्या बऱ्याच गोष्टी लिहिल्या नसत्या. त्या गोष्टींबद्दल माफी मागतो. मुद्द्याबद्दल नाही.’ त्या शिक्षकालाही अखेर उत्तर लिहिलं. त्याचं काही आलं नाही.

मी माझ्या घरी परतले आहे. जिन्यात पावलं वाजली तर अजून दचकते, पण टीव्ही बंद करत नाही.

थेडाबाईंना पत्र लिहावंसं वाटतं. पण त्यांना ते हवं आहे का, हे आधी तू विचारशील? नको म्हणाल्या तर नाही लिहिणार.

विबके


वेस्टरफेन, ४ मे

प्रिय विबके,

पत्र वाचून दाखवल्याबद्दल रागावलोय. तू विचारलं असतंस तर मी हो म्हणालो असतो, आणि म्हणूनच विचारायला हवं होतंस. झालं, यापुढे हा विषय नाही.

नवी वाक्यं आली. तेच वाक्य आता असं आहे: ‘तुम्ही पाहिलेल्या जाहिराती आम्ही मोजू का? तुमचं नाव त्यात नसेल. नाही म्हणालात तरी किबित्झ तसाच चालेल.’ प्लाटमध्ये करायला एक मिनिट लागलं. हिन्नेर्कला वाचून दाखवायची गरजच पडली नाही, तरी दाखवलं. तो म्हणाला, “हे आधीच प्लाटमध्ये होतं, बर्लिनवाल्यांनी उचललं.” तुझी नोकरी गेल्याचंही मी त्याला सांगितलं. जाताना मेंढीच्या चीजची एक अख्खी चकती तुझ्यासाठी ठेवून गेला. ती टपालाने पाठवत नाही. इथे येऊन खा.

थेडा घरी आली आहे. ऑपरेशन ठीक झालं; पुढचे उपचार जूनमध्ये सुरू होतील. फ्राउके बाळाला घेऊन तिच्याकडेच राहायला आली आहे; टोपांची जाहिरात दिसली त्याच दिवशी तिने संगणकातलं सगळं पुसून टाकलं होतं, हेही आता कळलं. मी दारात उभा राहून तुझा निरोप सांगितला. ती म्हणाली, “लिहू दे. पण मी उत्तर देईनच असं नाही.” या वेळी साखळी नव्हती.

लिही. लांबण लावू नकोस.

ओन्नोमामा


वेस्टरफेन, २९ मे

विबकेताई यांस,

मी थेडा आइल्ट्स. तुमचं पत्र मिळून बारा दिवस झाले. उत्तर द्यायचं की नाही हे ठरत नव्हतं. छत्तीस वर्षं लोकांची पत्रं पोचवली, स्वतः फार थोडी लिहिली, तेव्हा सांभाळून घ्या.

तुम्ही लिहिलंत, की तो प्रकार नेमका कुठून झाला हे आता कधीच कळणार नाही, कारण फ्राउकेने त्याच दिवशी संगणकातलं सगळं पुसून टाकलं. तुम्हाला माहीत नाही आणि तुम्ही माहीत असल्याचं दाखवणार नाही, असंही लिहिलंत. मी ते पत्र फ्राउकेला वाचून दाखवलं. या चार महिन्यांत मला सगळ्यांनी खात्री दिली. डॉक्टरांनी दिली, विमावाल्यांनी दिली, पाळण्याच्या दुकानाला मी फोन केला तर त्यांनीही दिली, की आम्ही ग्राहकांची माहिती जिवापाड जपतो. ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या.

मी तुम्हाला क्षमा वगैरे केली आहे असं समजू नका. ती गोष्ट मी माझ्या सुनेला माझ्या शब्दांत सांगणार होते. ते शब्द माझ्याकडून गेले, आणि ते कुणालाच परत आणून देता येणार नाहीत. पण गेल्या महिन्यात फ्राउके मला ओल्डेनबुर्गला घेऊन गेली. तिथे आम्ही चार तास बाकावर बसलो होतो. ती म्हणाली, “तुम्ही मला कधी सांगितलं असतं?” मी म्हटलं, “बहुतेक ऑपरेशन झाल्यावर.” तेव्हा ती माझ्यावर इतकी चिडली, की मला बरं वाटलं. दुकानाचे उपकार मानत नाही. जे झालं ते सांगते.

ओन्नोला मी काल घरात बोलावलं. तीन कप चहा घेतला त्याने. या सगळ्यात माझ्याकडून त्याच्यावर अन्याय झाला, आणि मी तसं त्याला म्हटलं. तो म्हणाला, “मी तुला सरळ ‘नाही’ म्हणू शकलो नाही, तेव्हा तू दुसरं काय समजणार होतीस?” मग आम्ही कांद्याच्या भावाविषयी बोललो.

आता लिहायचं कारण. परवा संगणक उघडला तर तुमच्या लोकांचा तो नवा प्रश्न समोर आला. मोजू का, म्हणून. मला तो कळला. फ्राउके म्हणाली, नाही म्हणा आणि मोकळ्या व्हा. पण एवढ्या साध्या शब्दांत कुणी विचारलं तर लगेच तोंडावर नाही म्हणायचं जिवावर येतं. आणि ओन्नोला विचारलं तर तो म्हणतो, तुझं तू ठरव.

ओन्नोकडून कळलं, की तुम्ही आता त्या संस्थेत नाही. म्हणजे मी हो म्हटलं तर तुमचा फायदा नाही, नाही म्हटलं तर तोटा नाही. आणि ते आतून कसं चालतं हे तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही. म्हणून प्रश्न तसाच उघडा ठेवलाय, आणि तुम्हालाच विचारते आहे. तुम्ही माझ्या जागी असतात, तर काय म्हणाला असतात?

थेडा आइल्ट्स